कंदिलावर अडकलेली मुंगी

१

नानांची कवळी चोरीला गेली आणि ती कोणी चोरली असेल, असा प्रश्न आमच्या पोफळवाडीत एकालाही पडला नाही. सगळी वरात सरळ माझ्या दारात.

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवसाची सकाळ. मी बनियनवर चहा पितोय, बुडवलेला पाव अजून कपातच, आणि समोर बघतो तर अख्खा दुसरा मजला उभा. सगळ्यात पुढे मनमोहन वकील. हा माणूस वाडीचा सेक्रेटरी, कडक इस्त्रीचा, झोपतो पण बहुतेक टाय लावून.

"गुणाजी, कवळी काढ."

"माझे ओरिजिनल आहेत, वकीलसाहेब. हलवून बघा."

मागून कोणीतरी हसलं. वकील नाही हसले. त्यांना बाजूला सारून नाना पुढे आले. ऐंशीला टेकलेले, अजून ताठ, पण आज तोंड आत गेलेलं. "गुणाज्या, फाल्या," ते म्हणाले, "माझे दात दे."

आता लोकांचं तरी काय चुकलं? माझं रेकॉर्डच तसं. मागे एकदा मी वाडीच्या फळ्यावर लिहिलं होतं की उद्या चौकात सिनेमाचं शूटिंग आहे, मराठमोळ्या वेषात या. सकाळी सातला झाडून सगळ्या बायका नऊवारीत आणि वकीलसाहेब फेट्यात. कॅमेरा म्हणून मी एक बूट ठेवायचा खोका घेऊन फिरत होतो. फेट्यातला तो फोटो अजून माझ्याकडे आहे, आणि तो आहे हे वकिलांना माहीत आहे.

पण आईशप्पथ, कवळी मी घेतली नव्हती. रात्री नानांनी नेहमीसारखी खिडकीत स्टीलच्या वाटीत पाण्यात ठेवली. सकाळी वाटी होती, पाणी होतं, दात गायब.

भानगड अशी की उद्या दिवाळी पहाट. आमच्या चौकात पहाटे गाणी होतात, आणि शेवटचा अभंग नानांचा. त्यासाठी ठाकुरद्वारपासून माणसं येतात. कवळीशिवाय नाना गायले तर 'सावळे सुंदर'चं 'फावळे फुंदर' होणार. आणि या कार्यक्रमाचं निवेदन करतो कोण? मी. मिसरूड फुटल्यापासून. धंदा माझा माईक-स्पीकर भाड्याने देण्याचा, पण भाड्याच्या माईकला कोण विचारतो! पहाटेच्या त्या माईकसाठी मी वर्षभर जगतो. बायको म्हणते, माझ्यात दोनच गोष्टींनी जीव येतो. एक हा माईक, दुसरे तळलेले बोंबील.

वकिलांनी बरोब्बर तिथेच चिमटा काढला. "संध्याकाळी सहाला कंदिलाचा दिवा लावायला सगळे चौकात जमतात. तोपर्यंत कवळी आली तर ठीक. नाहीतर उद्या माईक तुझ्या हातात नाही. आणि उद्या नाही म्हणजे परत कधीच नाही."

वरात गेली. कपातला पाव पार विरघळला होता.

कठड्याला टेकून एकच जण उरलं होतं. शेजारची स्पृहा. पाचवीतली, दोन वेण्या, बोटांना कायम फेव्हिकॉलचे पापुद्रे.

"काका, तुम्ही नाही घेतली," ती म्हणाली.

"देवी! पण तुला कसं कळलं?"

"तुमची मस्करी सगळ्यांना दिसेल अशी असते. वाटीत तुम्ही दुसरं काहीतरी ठेवलं असतं. भुईमुगाच्या शेंगा वगैरे." तिने चौकात वर टांगलेल्या मोठ्या कंदिलाकडे बोट केलं. "आणि दुसरं म्हणजे, काका, आपला कंदील चुकलाय."

२

स्पृहाबद्दल सांगायला हवं. बाकीची पोरं मोबाइलमध्ये, ही जुन्या लग्नपत्रिका गोळा करत फिरते. पत्रिका कापते, दुमडते, चिकटवते. त्यांच्या घरात डोकं वर करून चालायची सोय नाही. छताला टांगलेले कागदी गोळे, काटेरी चांदण्या, आतून बाहेर उलटणारी कड्यांची माळ. मध्ये एकदा मला कागदाची एक पट्टी दिली, अर्धा पीळ देऊन टोकं जोडलेली. म्हणाली, मधोमध कापा, दोन होतील की नाही सांगा. मी पैज लावली, दोन होणारच. कापली तर एकच, दुप्पट मोठी. मला अख्खा आठवडा वाडीतल्या पोरांनी 'एक की दोन' म्हणून चिडवलं. मी लोकांना चिडवणारा माणूस!

तिचे दोस्त कोण, तर नाना. वाडीचा मोठा कंदील दरवर्षी नाना बांधायचे. यंदा हात थरथरतात म्हणून कामट्या त्यांनी बांधल्या आणि कागद हिने लावले. काल संध्याकाळी कंदील पुरा झाला, रात्रभर नानांच्या दाराबाहेर गॅलरीत टेबलावर होता. सकाळी सातला तो चौकात चढवला.

मी मान वर करून बघितलं. पांढरे चौकोन, भगवे त्रिकोण, खाली झिरमिळ्या. "काय चुकलंय? मस्त तर आहे."

"थांबा." ती घरात गेली आणि मुठीएवढा कंदील घेऊन आली. हुबेहूब तोच, लग्नपत्रिकेचा. एका चौकोनावर 'आमच्या येथे श्री कृपेकरून' असं वाचता येत होतं. "हा त्याचा नमुना. वर एक टोपी, मध्ये आठ चौकोनांचा पट्टा, खाली दुसरी टोपी. टोपीच्या कडेला एक चौकोन, एक त्रिकोण, एक चौकोन, एक त्रिकोण. बरोबर?"

"बरोबर."

"आता तुम्ही मुंगी."

"मी मुंगी?"

"तुम्ही मुंगी. सगळ्यात वरच्या चौकोनावर बसलात. आता नाकासमोर चाला. वळायचं नाही."

मी बोट ठेवलं. वरचा चौकोन, मग उतरता चौकोन, मग पट्ट्यातला चौकोन, मग खालचा उतरता चौकोन, मग तळाचा. तिथून पलीकडच्या बाजूने तसंच वर. आठ घरं चालून मुंगी पुन्हा माहेरी.

"सगळे चौकोन," स्पृहा म्हणाली. "कुठे त्रिकोण लागला?"

"नाही लागला."

"आता हे बघा." तिने नमुन्याची खालची टोपी काढली. ती चिकटवलेली नव्हती, नुसती अडकवलेली. एक घर फिरवून परत बसवली. फिट्ट बसली. मला तर काही फरकच दिसेना. "चाला."

वरचा चौकोन, उतरता चौकोन, पट्ट्यातला चौकोन, आणि पुढे त्रिकोण. बोट सरळ नेलं तर ते त्रिकोणाच्या टोकाशी जाऊन अडकलं.

"मुंगी अडकली," मी म्हणालो.

"वर पण अडकलीय." तिने कंदिलाकडे हात केला. "पट्ट्यातल्या ज्या चौकोनाच्या वर चौकोन आहे, त्याच्या खाली बघा. त्रिकोण! मी काल लावला तेव्हा चौकोनाखाली चौकोन होता. बल्ब बदलता यावा म्हणून खालची टोपी आम्ही दोऱ्याने बांधतो. ती रात्रीत कोणीतरी सोडली आणि परत बांधली. आठ प्रकारे बसते ती, त्यातले चार बरोबर, चार चूक."

"पण कंदील कशाला कोण उघडेल?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच पाचवीत आहे. "रात्री कंदील उघडला, आणि त्याच रात्री कवळी गेली. कंदील उतरवून बघूया ना, काका."

३

उतरवणं एवढं सोपं नव्हतं. कंदिलाची दोरी मीटररूममधल्या खिळ्याला बांधलेली, आणि मीटररूमची चावी वकिलांच्या कमरेला.

"एकदा चढवलेला कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत उतरवत नाहीत," वकील म्हणाले. "वाडीची प्रथा आहे. आणि कशासाठी? मुंगी अडकली म्हणून? गुणाजी, पोरीला पुढे करून मस्करी चाललीय ना?"

स्पृहाने पत्रिकेचा नमुना आणि सुटी टोपी पुढे केली. "काका, एवढी टोपी लावून द्या ना. माझे हात चिकट आहेत."

वकिलांनी चष्मा नाकावर चढवला, चौकोनाखाली चौकोन जुळवला, टोपी बसवली. तिने "थँक यू" म्हणत ती पाडल्यासारखी पाडली. त्यांनी परत बसवली. परत चौकोनाखाली चौकोन. तिसऱ्यांदाही तेच.

"डिसिप्लिन," वकील मला म्हणाले. "वस्तू ओळीत हवी."

"वकीलसाहेब," मी विचारलं, "नानांचा अभंग लांबतो म्हणून गेल्या वर्षी तुम्हीच कुरकुरत होतात ना?"

"ऑफकोर्स! पाऊण तास! माझ्या पाहुण्यांचं उटणं वाळलं. पण म्हणून मी दात चोरीन? ओला दात? दुसऱ्याच्या तोंडातला?" त्यांना खरोखर शिरशिरी आली. हा माणूस पाणीपुरीवाल्याला ग्लोव्हज घालायला लावतो. मी त्यांना मनातल्या मनात सोडून दिलं.

"कंदील चढवताना कोण होतं?" स्पृहाने विचारलं.

"गणपतने चढवला. मी स्वतः शेजारी उभा. गॅलरीतून खाली आणल्यापासून दोरी बांधेपर्यंत माझी नजर त्यावर."

गणपत राऊळ चौकात मांडवाचे बांबू उभे करत होता. आमचा वाडीचा दुसरा गायक. आवाज असा की मांडवाला बांबू नाही लावले तरी चालेल. नाना नाही गायले तर शेवटची जागा याची, आणि त्याचा आनंद लपवण्याइतका तो हुशार नाही.

"कवळी मिळाली काय रे?" त्यानेच विचारलं.

"नाही."

"अरेरे," तो म्हणाला, आणि चेहऱ्यावर असं हसू पसरलं की बांबू हातातून सुटला. "म्हणजे वायट झाला. पण नायच मिळाली तर मी आसंय हां. तयारी आसा माझी."

"रात्री कुठे होतास?"

"रे रोडाक. बांबू आणूक गेल्लंय. टेम्पोवालो झोपलो थंयच, मगे मी पण बांबूंवरच झोपलंय. सकाळी टेम्पोतसून उतरलंय ता थेट कंदील चढवूक. वकिलाक इचार."

स्पृहाने त्यालाही टोपी दिली. गणपतने न बघता दाबून बसवली. चौकोनाखाली त्रिकोण! मी तिला कोपर मारलं. तिने टोपी काढून परत दिली. या वेळी चौकोनाखाली चौकोन. मग परत त्रिकोण, मग परत चौकोन.

"गेला कामातून," मी नंतर म्हणालो. "याचं काही कळतच नाही."

"कळलं ना. गणपतकाका बघतच नाहीत. एकदा चुकलं तर ते नशीब असतं, काका. मला पाहिजे असा माणूस, जो दर वेळी तशीच चूक करतो."

"का?"

"दर वेळी होते ती चूक नसते. त्या माणसाला ते बरोबर वाटतं."

मी टाळूवरून हात फिरवला. बावन्न वर्षांत मी माणसांना इतकं उल्लू बनवलं, पण माणूस ओळखायची ही ट्रिक मला सुचली नव्हती.

४

उरल्या कमलकाकू. नानांची बायको. त्यांच्यावर कोण संशय घेणार? आम्ही गेलो होतो खिडकी बघायला, वाटी बघायला.

काकू जमिनीवर बसून शेवंतीची वेणी करत होत्या. वाडीतल्या सगळ्या पोरींच्या डोक्यात दिवाळीला काकूंच्याच वेण्या असतात. नाना आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करत पडले होते.

"ये रे मेल्या गुणग्या," काकू म्हणाल्या. "बस. खा."

ताटली पुढे आली. मी आपला हात चकलीसाठी पुढे केला, कारण काकूंची चकली म्हणजे दात असलेल्यांसाठी परमेश्वराचं बक्षीस. चकली नव्हती. पाकातले रव्याचे लाडू, नारळाची वडी, साटोरी. लाडू जिभेवर ठेवला आणि चावायच्या आधी गेला.

"काकू, चकली?"

"यंदा नाय केलंय."

"कडबोळी?"

"नाय म्हटलं ना. हात दुखतत सोऱ्यान." त्यांनी शेवंती दोऱ्यात ओढली. "खा गुपचूप."

स्पृहा लाडू खात नव्हती. ताटलीकडे बघत होती. मग तिने नमुना काढला. "काकू, एवढी टोपी लावून द्या ना."

काकूंनी वेणी मांडीवर ठेवली, नमुना डोळ्यांजवळ धरला, फिरवला, आणि टोपी बसवली. चौकोनाखाली त्रिकोण. स्पृहाने ती काढून परत दिली. काकूंनी पुन्हा फिरवून, नीट बघून बसवली. चौकोनाखाली त्रिकोण. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा.

माझ्या घशात लाडू अडकला. तो लाडू, जो अडकूच शकत नाही.

"काकू," स्पृहाने हळूच विचारलं, "असं का लावता?"

"मगे कसा? एकाखाली एक तसाच लावला तर काय शोभा रवली? एक आड एक होया. वेणयेत बघ." त्यांनी वेणी दाखवली. एक फूल वर, एक फूल खाली, एक वर, एक खाली. "हात आपोआप तसोच जाता."

आणि मग त्यांनी स्पृहाच्या चेहऱ्याकडे बघितलं. हातातली शेवंती खाली पडली.

५

काकू आम्हाला जिन्यात घेऊन आल्या. पदर तोंडाला.

"फराळावरून पण कळलं," स्पृहा म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचा आनंद होता, पण अर्ध्या वाक्यात तो ओसरला, कारण काकू रडत होत्या. "सगळं मऊ केलंत तुम्ही. कवळी जायच्या आधीच केलंत."

"त्यांका उपाशी कसा ठेवतलंय?" काकू म्हणाल्या.

मग सगळं बाहेर आलं. मागच्या आठवड्यात नाना घरी अभंगाची तालीम करत होते. तान खेचली आणि डोळ्यांपुढे काळोख. भिंत धरून खाली बसले. डॉक्टर म्हणाले, गा, पण सलग नको, मधे मधे बसून दम घ्या. नाना डॉक्टरांसमोर हो म्हणाले आणि बाहेर येऊन म्हणाले, गायचं तर पुरं. बसून दम घेतला तर वाडी म्हणेल नाना म्हातारा झाला.

"माका शपथ घातल्यानी. वाडीत कोणाक सांगायचा नाय. मगे मी काय करू? दात नसतले तर अभंग गावचे नाय. कंदील वर गेलो की तुळशीच्या लग्नापर्यंत कोणी हात लावचो नाय, असा वाटला. पाणी भरूक उठलंय तेव्हा..." त्यांनी माझा हात धरला. "तुझ्यावर येतला ह्या माझ्या ध्यानातच नाय इला रे, गुणग्या. आता संध्याकाळी मी सगळ्यांसमोर सांगतंय."

"सांगाल तर शपथ मोडेल. नाना परत तोंड बघणार नाहीत तुमचं," मी म्हणालो.

"मगे तुझो माईक?"

माईकचं नाव काढलं की माझी अक्कल चालत नाही.

स्पृहा मात्र दुसराच विचार करत होती. "काकू, कवळी कशात गुंडाळलीत?"

"पिशवीत. ती पारदर्शक असता ना, फुलांची."

"आणि कंदिलात बल्ब आहे. वरून उजेड, खाली कागद." तिने माझ्याकडे बघितलं. "सहाला दिवा लागला की सावली पडणार."

खाली चौकात खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते.

६

सहा वाजता अख्खी पोफळवाडी चौकात. नाना पहिल्या रांगेत, ओठ घट्ट मिटून. काकू त्यांच्या शेजारी, पांढऱ्याफटक. मीटररूमच्या दारात वकील, बटणावर बोट.

"गुणाजी, शेवटचं विचारतो. कवळी?"

मी म्हटलं, "वकीलसाहेब, आधी दिवा तरी लावा, शुभ वेळ टळेल." काय करणार, दुसरं काही सुचलंच नाही.

बटण दाबलं. कंदील उजळला. सगळ्यांनी सवयीने "आहाऽऽ" केलं, आणि तो "आहा" मधेच वाकडा झाला.

कंदिलाच्या तळाच्या चौकोनावर एक काळी सावली होती. नालेसारखी वाकलेली, कडेला दातेरी. कंदील हसत होता. बत्तीस नसतील, पण चौदा तरी दात दाखवून अख्ख्या वाडीला हसत होता.

मग गणपतने तोंड उघडलं. "नानानूं! तुमचे दात दिवाळी करतत!"

चौक फुटला. पोरं जमिनीवर लोळायला लागली, वकिलांचा चष्मा खाली पडला, वरच्या गॅलरीतून कोणाच्या तरी हातातली रांगोळी सांडली. एकटे नाना उभे राहिले, कंदिलाकडे बघत, कान लाल.

त्यांच्या शेजारी काकूही उठल्या. पदर सारखा केला, तोंड उघडलं. "ऐका, ता मी..."

"काकू, बसा!" मी ओरडलो. "मला वाचवायला जाऊ नका. मीच घेतली कवळी. मीच कंदिलात घातली. हसरा कंदील करायचा होता. कसा झालाय?"

खरं सांगू? आयुष्यात इतक्या मस्कऱ्या केल्या, पण एवढा टाळ्याखाऊ परिणाम एकीचाही झाला नव्हता, आणि ती नेमकी माझी नव्हती. फुकटचं श्रेय घेताना मला थोडी मजाच आली. नानांनी चप्पल काढेपर्यंत.

"चूक!" मागून एक आवाज आला. स्पृहा खुर्चीवर उभी होती, मुठी आवळलेल्या. "हे उत्तर चूक आहे!"

"हो बाळा, कंदील चुकलाय, सकाळपासून ऐकतोय आम्ही," वकील म्हणाले.

"कंदील नाही! उत्तर..." तिने काकूंकडे बघितलं. काकूंनी नानांचा सदरा मागून घट्ट धरला होता. स्पृहाचे ओठ हलले, थांबले. चुकीचं उत्तर फळ्यावर तसंच ठेवून गप्प बसणं तिला किती जड जात होतं, ते मला दिसत होतं. माझ्याकडे तिने जे बघितलं ना, ते नानांच्या चपलेपेक्षा जोरात लागलं.

मग ती खाली बसली.

गणपतने दोरी सोडून कंदील उतरवला, दात बाहेर आले, आणि स्पृहाने टोपी एक घर फिरवून स्वतःच्या हाताने बांधली. नानांनी कवळी नळाखाली धुऊन तोंडात बसवली आणि पहिला स्वच्छ 'स' माझ्यावर खर्च केला. तो शब्द इथे देत नाही.

"ठरल्याप्रमाणे," वकील म्हणाले, "गुणाजीकडून माईक काढून घेण्यात येत आहे. आता एवढ्या ऐनवेळी निवेदन कोण करणार?"

"ह्या चेडू करतला," कमलकाकू म्हणाल्या. इतक्या पटकन, की सगळे वळून बघायला लागले. "स्पृहा. तिका कोडी येतत. गाण्याच्या मधे मधे कोडी घालीत."

मधे मधे. मी काकूंकडे बघितलं. स्पृहाने काकूंकडे बघितलं. तिचा आवळलेला चेहरा हळूहळू सुटत गेला, एखादी गाठ सुटावी तसा.

"मधे मधे," ती म्हणाली. "हो. चालेल."

७

पहाटे चौक तेलाने, उटण्याने आणि फटाक्यांच्या वासाने भरलेला. मी शेवटच्या रांगेत. माईक नसलेला माणूस कुठे बसतो, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. स्पीकरच्या मागे बसतो.

नानांनी अभंगाचं पहिलं कडवं घेतलं. काय आवाज! ठाकुरद्वारवाले डोळे मिटून डोलायला लागले. कडवं संपलं, नाना पुढची तान घ्यायला छाती भरताहेत, तेवढ्यात स्पृहा माईकवर.

"नाना थांबा! आता एक कोडं!"

नाना असे बघायला लागले, जणू देवळात कोणी चप्पल घालून आलं. पण ती थांबली नाही. तिने एक लग्नपत्रिका वर धरली. "या पत्रिकेला मी भोक पाडणार. कागद कुठेही तुटणार नाही, चिकटवणार नाही. आणि त्या भोकातून वकीलकाका आरपार जातील."

चौकात हशा. वकिलांच्या पोटाकडे सगळ्यांची नजर.

"अशक्य," वकील म्हणाले.

"फक्त डोकं जाईल," कोणीतरी.

"वकिलांचं डोकं पण नाय जावचा!" गणपत.

आणि नाना? नाना पत्रिकेकडे बघत होते. "मधोमध दुमडून?" त्यांनी विचारलं, आणि विचार करायला म्हणून खुर्चीत बसले. बसले! पाणी प्यायले. बोटांनी हवेत कात्री चालवायला लागले. समोर काकूंनी मुठीत आवळलेला पदर सोडला.

"उत्तर दुसऱ्या कडव्यानंतर," स्पृहा म्हणाली.

दुसरं कडवं झालं. मग तिने पत्रिका दुमडली, एकदा या बाजूने कात्री, एकदा त्या बाजूने, एक आड एक, मग दोन टोकं सोडून मधली घडी कापली आणि हळूच उलगडली. एवढीशी पत्रिका हात पसरावेत तेवढी मोठी कागदी कडी झाली. ती तिने वकिलांच्या डोक्यावरून सोडली. खांद्यावरून, पोटावरून (इथे चौकाने श्वास धरला), आणि खाली पायांपर्यंत. वकील बाहेर आले आणि एवढे खूश झाले की परत एकदा आत शिरले.

असा तो अभंग झाला. कडवं, कोडं, कडवं, कोडं. पाऊण तासाचा सव्वा तास झाला आणि कोणाचं उटणं वाळलं याची कोणी चौकशी केली नाही. शेवटची तान नानांनी अशी लावली की तिसऱ्या मजल्यावरची कबुतरं उडाली. धाप नाही, काळोख नाही. उतरताना एवढंच म्हणाले, "पोरगी मधे मधे फार बोलते. पण बरं वाटलं."

लोक फराळाला पांगले. मी हळूच स्टेजजवळ गेलो. स्पृहा वायर गुंडाळत होती.

"स्पृहाताई," मी म्हणालो, "माईक मस्त सांभाळलास. पण आता पाडव्याला परत कार्यक्रम आहे. तुला नि मला खरं काय ते माहीत आहे. वकिलांना जरा सांगून बघ ना. म्हणजे, नावं न घेता."

तिने माईक छातीशी धरला. माझ्याकडे वर बघितलं, चेहरा असा निरागस की मला तेव्हाच कळायला हवं होतं. तसा चेहरा लावायला मला चाळीस वर्षं लागली होती.

"पण काका," ती म्हणाली, "कवळी तुम्हीच चोरलीत ना? सगळ्यांसमोर कबूल केलंत."

"अगं, ते उत्तर चूक होतं! तूच म्हणालीस!"

"उत्तर तुमचं आहे. मी नाही खोडणार." आणि माईक चालू करून, अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "सूचना! कमलकाकूंनी आत्ता तळलेल्या चकल्या नानांच्या घरी आहेत. गुणाजीकाका सोडून सगळ्यांनी यावं."